मधली धार

सहलीचं ठरलं तेव्हा रोस्तिस्लावने दोन अटी घातल्या. एक, सामान पाठीवर मावेल एवढंच. दोन, गावोगावच्या दारूच्या भट्ट्या बघत हिंडायचं नाही. पहिली अट व्लास्ताने तिथल्या तिथे मान्य केली. दुसरीवर ती नुसतं "बघू" म्हणाली. तिच्या "बघू"चा अर्थ काय होतो हे अठ्ठावीस वर्षांच्या संसारात रोस्त्याला पुरतं कळून चुकलं होतं.

रोस्त्या म्हणजे रोस्तिस्लावच. एवढं लांबलचक नाव घ्यायला घरात वेळ कुणाला होता? आणि गावात तर त्याला तेवढंही नाव उरलं नव्हतं. यावोरोव्नात सगळे त्याला 'नाक' म्हणत. "नाक आलं का?" "नाकाला विचारून ये." चेक देशातल्या मोरावियाच्या त्या डोंगराळ भागात घराघराच्या मागे आलुबुखाराची झाडं. सप्टेंबरच्या मध्यापासून नाताळपर्यंत प्रत्येक घर आपापली आंबवलेली पिंपं घेऊन बागवाल्यांच्या सोसायटीच्या भट्टीवर येई, आणि त्या भट्टीचा उस्ताद होता रोस्त्या. तांब्याच्या भांड्यातून आधी निघते ती पहिली धार. ती घातक, ती फेकून द्यायची. 'पहिल्या धारेची' म्हणत मिशीला पीळ देणारे महाभाग जगात सगळीकडे असतात. रोस्त्या त्यांना दारातूनच हाकलून लावी. मग येते मधली धार, तीच खरी स्लिवोवित्से, आलुबुखाराची दारू. शेवटी मचूळ, ओशट पाणी उरतं, तेही बाजूला काढायचं.

पहिली धार कुठे संपली आणि मधली कुठे लागली, हे ठरवायचं, म्हणजेच धार तोडायची, ती नाकाने. दोन थेंब तळव्यावर घ्यायचे, तळवे एकमेकांवर चोळायचे, कच्च्या दारूचा भपका उडून जाईपर्यंत थांबायचं आणि मग हुंगायचं. सत्तावीस हंगाम रोस्त्याने हे केलं. एक तळवा स्वतःच्या नाकाशी, आणि दुसरा शेजारी वहीत नोंदी करत बसलेल्या व्लास्ताच्या नाकाशी. तिचं मत त्याला हवं असे असं नाही. नवीन लग्न झालेलं असताना हौसेने सुरू केलं आणि मग सवयच पडली.

तेच नाक फेब्रुवारीत गेलं. ताप चढला, चौथ्या दिवशी उतरला. सर्दी आठवडाभर मुक्कामाला राहिली आणि जाताना वास घेऊन गेली. गोड, आंबट, खारट, कडू एवढं जिभेला कळत होतं, दारू घशाला जाळत होती, पण त्यापलीकडे सगळा शुकशुकाट. कॉफी म्हणजे कडू गरम पाणी. पाव म्हणजे ओला कापूस. शहरातल्या डॉक्टरने खांदे उडवून सांगितलं, "येईल. वर्षाने येईल, दोन वर्षांनी येईल. कदाचित नाहीही येणार."

हे त्याने कुणाला सांगितलं नाही. व्लास्तालासुद्धा नाही. सोसायटी काढून टाकेल ही भीती होतीच, पण खरी भीती वेगळी होती. ज्याला सगळं गाव 'नाक' म्हणतं, त्याचं नाकच गेलं तर खाली राहतो कोण? त्याने मनाशी एक बेत रचला होता. भट्टीला तापमापक आहे. आकडे बघून धार तोडायची, तळवे चोळायचं नाटक करायचं आणि वेळ काढायची. आकडे साधारण बरोबर सांगतात. पण साधारण बरोबर म्हणजे कधीतरी चूक, आणि ही चूक कुणाच्या तरी घरी बाटलीत भरून जाणार होती. हा विचार आला की रोस्त्या कूस बदलायचा. ऑगस्ट संपत आला तसं त्याला कूस बदलायलाही अंथरूण पुरेना.

अशात व्लास्ताने सहलीचा घाट घातला. हंगामाच्या आधी, बारा दिवसांची, स्वस्तातल्या बसने. आधी व्हिएन्ना, मग इटलीचा कोपरा, स्लोव्हेनिया, सर्बिया आणि परत. राहायचं धर्मशाळांमध्ये नाहीतर कुणाच्या माडीवर. सकाळची न्याहारी पिशवीतली. आणि गावात पोचलं की त्या गावचा एक पदार्थ आणि एक पेय, दोघांत मिळून. एक ताट, एक ग्लास, दोन तोंडं.

"आणि पहिला घोट तुझा," व्लास्ता म्हणाली. "तू सांगायचं काय काय आहे त्यात, मग मी पिणार. एवढं नामांकित नाक फुकटात बरोबर येतंय, तर वापरायला नको?"

रोस्त्या "हो हो" म्हणाला, आणि पिशवीचे पट्टे उगाच घट्ट करत बसला.

व्हिएन्नाला जाताना व्लास्ताने डुकराच्या मांसाचे काप पावाच्या चुऱ्यात घोळवून तळले, आणि डबा भरून बरोबर घेतला. अशा कापांसाठीच नावाजलेल्या व्हिएन्नाला तळलेले काप नेणं म्हणजे माहेरी जाऊन आईला स्वयंपाक शिकवण्यातला प्रकार. पण यावोरोव्नाचा माणूस घरचे काप घेतल्याशिवाय उंबऱ्याबाहेर पडत नाही. मग तो शेजारच्या गावी जात असो की समुद्राकाठी. शहराबाहेरच्या टेकडीवर द्राक्षवाल्यांची अंगणं होती. लाकडी बाकं, डोक्यावर वेल. व्लास्ताने तिथे खुशाल डबा उघडला.

वाइन आणणारी बाई आजीच्या वयाची होती. ती डब्याकडे बघून हसली. "माझ्या लहानपणी सगळे असेच घरून आणायचे. आता कुणी आणत नाही. खा, पोटभर खा."

"सांग," ग्लास पुढे सरकवत व्लास्ता म्हणाली.

रोस्त्याने घोट घेतला. आंबट. एवढंच. त्याने डोळे बारीक केले, आभाळाकडे पाहिलं. "हिरवं सफरचंद," तो म्हणाला. "आणि मागून… ओला दगड." वाइनवाल्यांना ओल्या दगडाचा वास येतो हे त्याने कधीतरी रेडिओवर ऐकलं होतं.

"दगड?"

"ओला."

व्लास्ताने एक घोट घेतला, जरा वेळ तोंडात खेळवला आणि गिळला. "हं," ती म्हणाली आणि तिने त्याच्या पुढ्यात मोठा काप ठेवला.

इटलीच्या कोपऱ्यातल्या उदिनेत त्यांना एका मठाच्या माडीवर दोन खाटा मिळाल्या. तिथल्या खाणावळीत बटाट्याचा आणि चीजचा कुरकुरीत तळलेला तवाभर पोळा मिळायचा. तो दोघांनी मिळून संपवला. सोबत आली ग्रापा, द्राक्षांच्या चोथ्यातून गाळलेली. आता हे त्याच्या धंद्यातलंच काम, नाटक नीट वठवायला हवं होतं. त्याने दोन थेंब तळव्यावर घेतले, चोळले, लगेच नाकाशी नेले आणि छाती भरून श्वास घेतला.

"सालं," तो म्हणाला. "द्राक्षाची सालं. आणि थोडा मध." मग त्याने दोन्ही तळवे विजारीला पुसून टाकले.

व्लास्ता त्याच्याकडे बघत राहिली. काहीतरी बोलायला तिने तोंड उघडलं, पण मग पोळ्याचा शेवटचा तुकडा तोडून तोंडात टाकला. "छान आहे," ती म्हणाली. तिने ग्लास उचललासुद्धा नव्हता.

स्लोव्हेनियातल्या लुब्लियानात मात्र पार फजिती झाली. नदीकाठच्या बाजारात एक बाई घरी केलेली गोड दारू चिमुकल्या ग्लासांतून विकत होती. काळपट रंग, दाट. बाई काही सांगायच्या आत रोस्त्याने घोट घेतला. गोड आणि कडू. रंगावरून त्याने अंदाज बांधला आणि छाती पुढे काढली.

"जंगलातली जांभळी बेरी. उन्हात वाळवलेली."

बाई हसायला लागली. तिची भाषा थोडी वेगळी होती, पण भावंडांतलीच. कळायला जड नव्हती. "अक्रोड आहे हा, आजोबा. हिरवा अक्रोड. बेरीचा तर मी दाणासुद्धा घातला नाही त्यात."

"अक्रोड तर आहेच," रोस्त्या म्हणाला. त्याचे कान तापले होते. "ते काय सांगायचं! अक्रोडाच्या मागे बेरी आहे."

"असेल," व्लास्ता शांतपणे म्हणाली. "तुझं नाक म्हणतंय म्हणजे असणारच."

हा टोमणा होता की नव्हता, यावर रोस्त्याने पुढे बसमध्ये तीनशे किलोमीटर विचार केला. नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात. इथे नाक सहा महिन्यांपासून गच्च दाबलेलं होतं, पण तोंड काही उघडत नव्हतं. शेजारी व्लास्ता खिडकीला डोकं टेकून बसली होती. दोनदा तो तिच्याकडे वळला. एकदा म्हणालासुद्धा, "ऐक ना."

"काय रे?"

"पाणी आहे का बाटलीत?"

तिने बाटली दिली. बराच वेळ ती त्याच्याकडे बघत होती.

दहाव्या दिवशी ते सर्बियातल्या एका खेड्यात पोचले. डोंगराच्या उतारावर जर्दाळूच्या बागा, खाली मक्याची शेतं. इथली खोली फुकट होती. रोस्त्याला नवल वाटलं, पण त्याने खोलात विचारलं नाही. घरमालक झिवान फाटकातच हात पसरून उभा होता. पोट सुटलेला, आवाज घंटेसारखा.

"या, उस्ताद, या!" त्याने रोस्त्याला कवेत घेतलं. "तुमच्या बायकोने फोनवर सगळं सांगितलंय. मोरावियाचं सगळ्यात मोठं नाक! मी म्हटलं, अशा माणसाकडून भाडं घेऊ? माझा बाप थडग्यातून उठून मला चपलेने मारेल."

रोस्त्याने व्लास्ताकडे पाहिलं. ती पिशवीत काहीतरी शोधत होती.

"उद्या सकाळी भट्टी लावतोय," झिवान म्हणाला. "जर्दाळूची. माझ्या लेकीचं लग्न आहे ऑक्टोबरात. तीनशे माणूस येणार. तुम्ही आलात, आता मला चिंता नाही. धार तुम्ही तोडायची!"

"छे छे, तुमची भट्टी, तुम्हीच…"

"पाहुणा उस्ताद घरी असताना मी धार तोडू? आमच्या घरात तशी रीत नाही. बापाच्या वेळेपासून नाही."

त्या रात्री रोस्त्याने नुसतं छत बघितलं. सकाळी उठून बघतो तर अंगणात धूर, तांब्याचं गोल भांडं विटांच्या चुलीवर बसवलेलं, झाकणाच्या फटी कणकेने लिंपलेल्या. एका बाजूला झिवानची बायको मिलुन्का लाल मिरच्या भाजत होती, त्या जाड, मांसल मिरच्या, हिवाळ्याच्या चटणीसाठी. व्लास्ता तिच्याशेजारी बसून भाजलेल्या मिरच्यांची सालं काढत होती. दोघी एकमेकींना अर्धं समजत होत्या आणि पूर्ण हसत होत्या.

रोस्त्या भट्टीभोवती फिरला. वर बघितलं, खाली बघितलं, नळीच्या मागे बघितलं.

"काय शोधताय, उस्ताद?"

"तापमापक कुठे असतो?"

"तापमापक?" झिवानने कपाळावर हात मारून घेतला. "मिलुन्का, ऐकलंस का? उस्ताद विचारतोय, भट्टीला ताप आलाय का!" आणि तो पोट धरून हसला. "मस्करी करता होय! तापमापक लागतो तो डॉक्टरांना. आपल्याला नाक आहे."

रोस्त्याही हसला.

मग नळीतून पहिला थेंब पडला. दुसरा पडला. थेंबांची धार झाली, करंगळीएवढी, स्वच्छ. झिवानने तिच्याखाली एक जुनं भांडं ठेवलं, फेकायच्या दारूचं. बाजूला काचेची मोठी बरणी धुऊन, पुसून तयार होती. लग्नाची दारू त्या बरणीत जायची. झिवानने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि रोस्त्याकडे बघितलं.

"घ्या, उस्ताद."

रोस्त्याने धारेखाली तळवा धरला. चोळला. नाकाशी नेला. काहीच नाही. हवा आत गेली आणि बाहेर आली. त्याने पुन्हा तळवा ओला केला, पुन्हा चोळला. काहीच नाही. जर्दाळू नाही, जाळ नाही, विष नाही, मिरच्यांचा धूर नाही.

"आता?" झिवानने विचारलं. त्याचा हात बरणीवर होता.

सहज "आता" म्हणता आलं असतं. अंदाजाने कदाचित बरोबरही निघालं असतं. शब्द जिभेवर येऊन बसला होता. रोस्त्याला ती बरणी दिसत होती, आणि बरणीच्या पलीकडे टोपी हातात धरून उभा असलेला हा माणूस, ज्याने भाडंसुद्धा घेतलं नव्हतं. लेकीच्या लग्नात तीनशे माणसं. आणि सप्टेंबरात यावोरोव्नात दोनशे घरं, अशीच टोपी काढून उभी.

"मला माहीत नाही," रोस्त्या म्हणाला.

"अजून थोडं थांबू म्हणता?"

"नाही. मला माहीत नाही. मला वास येत नाही, झिवान. काहीच येत नाही. फेब्रुवारीत ताप आला तेव्हापासून नाक गेलंय माझं. मी सगळ्यांना फसवत आलोय." एवढं तो मोठ्याने बोलला, आणि मग त्याने व्लास्ताकडे बघितलं. "तुलासुद्धा."

मिलुन्काच्या हातातला चिमटा तसाच राहिला. धार मात्र कुणासाठी थांबत नाही. ती आपली वाहत होती.

"अरे भावा," झिवान भानावर येत म्हणाला, "रडायचं ते नंतर रडू, धार चाललीय!" आणि तो स्वतः पुढे झाला.

पण व्लास्ता आधी पोचली होती. तिने आपले हात पुढे केले, बघितले आणि मागे घेतले. ते मिरच्यांनी लाल झाले होते, मनगटापर्यंत. "माझे हात चालणार नाहीत," ती रोस्त्याला म्हणाली. "तुझे दे."

त्याने हात विजारीला पुसायला घेतले.

"दे म्हणते ना! थेंब घे. चोळ. नीट चोळ, घाई करू नकोस."

रोस्त्याने थेंब घेतले आणि तळवे चोळले. व्लास्ताने मनगटाने त्याचा हात आपल्या तोंडासमोर ओढला. लगेच हुंगलं नाही. ती थांबली, चारपाच श्वासांइतकी. मग नाक जवळ नेलं.

"अजून नाही. गोंदासारखा वास आहे. परत."

पुन्हा थेंब, पुन्हा चोळणं, पुन्हा थांबणं. "अजून नाही." झिवान बरणी उचलून वाट बघत होता आणि स्वतःही आपला तळवा हुंगत होता. पाचव्या खेपेला व्लास्ताचे डोळे मिटले. रोस्त्याने तिचा चेहरा बघितला आणि त्याला कळलं. सत्तावीस हंगाम स्वतःच्या चेहऱ्यावर काय दिसत असेल ते त्याला आज दिसलं.

"आता," ती म्हणाली.

झिवानने बरणी धारेखाली सरकवली. आपला तळवा परत हुंगला, मान डोलावली. "बरोबर. अगदी बरोबर. खरं सांगू का, बाई? मी असतो तर थोडं आधी म्हटलं असतं. लोभ सुटत नाही माणसाचा." मग त्याने रोस्त्याच्या पाठीत एक दणका घातला. "आणि तू रे? नाक गेलं म्हणून तोंड लपवतोस? माझ्या आजोबांचे दोन्ही कान गेले होते, तरी मरेपर्यंत प्रत्येक लग्नात ढोल त्यांनीच वाजवला. कुणी हूं का चूं केलं नाही."

"केलं असेल की!" मिलुन्का चुलीजवळून म्हणाली. "त्यांना ऐकू कुठे येत होतं!"

सगळे हसले. रोस्त्याला वाटलं होतं की हे सांगितल्यावर जमीन दुभंगेल. दुभंगली नाही. मिलुन्काने राखेत भाजलेले बटाटे आणले, घट्ट, मीठ लावलेली साय आणली, पाव आणि भाजलेल्या मिरच्या तेल-लसूण घालून आणल्या. झिवानने नव्या दारूत पाणी घालून ती बेताची केली आणि एक ग्लास रोस्त्यापुढे ठेवला.

"आता खरं सांग. कशी लागतेय?"

रोस्त्याने घोट घेतला. आभाळाकडे बघितलं नाही, डोळे बारीक केले नाहीत. "किंचित गोड आहे," तो म्हणाला. "घसा जाळते. बटाटा गरम आहे, साय खारट आहे. बाकी मला काही कळत नाही." हे एवढं बोलताना त्याच्या छातीवरचं ओझं उतरलं. अकरा दिवसांत पहिल्यांदा त्याने पोटभर खाल्लं, आणि वर आणखी दोन बटाटे मागून घेतले.

दुपारी झिवान आणि मिलुन्का आत आडवे झाले. बरणी झाकून सावलीत ठेवली होती. रोस्त्या आणि व्लास्ता घरामागच्या बाकावर बसले, समोर रिकामी झालेली जर्दाळूची झाडं.

"तुला कधी कळलं?" त्याने विचारलं.

"ईस्टरला. दूध उतू जाऊन चुलीवर करपलं होतं. बागेत मला वास आला, मी धावत आले. तू दूध ठेवलेल्या चुलीशेजारी बसून पेपर वाचत होतास."

"तेव्हापासून?"

"तेव्हा शंका आली. खात्री उदिनेत झाली. तळवे चोळलेस आणि लगेच नाक खुपसलंस. कच्चा भपका नाकात गेला आणि डोळ्यांत पाण्याचा टिपूस नाही! अरे, ज्याला नाक आहे तो माणूस एवढा दीर्घ श्वास घेईल का? तिथल्या तिथे ठसका लागून आडवा होईल. तूच मला हे पहिल्या हंगामात शिकवलंस. आणि वर म्हणे, मध."

रोस्त्याने तोंड हातांत लपवलं. "आणि ओला दगड."

"तो दगड मी जन्मात विसरणार नाही."

"मग बोलली का नाहीस?"

"नाक तुझं. सांगायचं तू." व्लास्ताने पाय पुढे पसरले. "घरी तू माझ्या हाती लागतच नाहीस. सकाळी बागेत, दुपारी भट्टी घासायला, संध्याकाळी दमलो म्हणून झोपायला. म्हटलं, बसमध्ये बारा दिवस शेजारी बसेल. कुठेतरी तोंड उघडेल. युरोप बघायची मला काय हौस होती? पाय सुजलेत माझे."

"झिवानला तू मुद्दामच सांगितलंस. नाकाचं."

"खोली फुकट मिळत होती," ती म्हणाली. मग पाय चोळत म्हणाली, "हो. मुद्दाम. पण तू 'आता' म्हणाला असतास तर मी मिरच्यांचं तसराळं त्या बरणीवर पालथं घातलं असतं. माझं लक्ष होतं."

रोस्त्याने तिचा हात धरला. हाताला लाल रंग अजून होता.

"घरी पोचलो की सोसायटीत सांगतो," तो म्हणाला. "सगळ्यांसमोर. पिंपं मी बघेन, जाळ मी सांभाळेन, तळवे मी चोळेन. हुंगायचं तू. चालेल का त्यांना?"

"नाही चाललं तर आपापलं हुंगा म्हणावं."

खाली रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला. रोस्त्याच्या डोक्यात एक प्रश्न घोळत होता आणि तो विचारायची त्याला थोडी लाज वाटत होती.

"व्लास्ता, आज मी बोललो नसतो तर? उद्या आपण घरी. पंधरा दिवसांत हंगाम. काय केलं असतंस? सोसायटीत जाऊन सांगितलं असतंस?"

"तुझ्या पाठीमागे? वेडा आहेस का?"

"मग?"

"रोज भट्टीवर येऊन बसले असते, नेहमीसारखी, वही घेऊन. दिवसातलं एकही पिंप चुकवलं नसतं. तू सवयीने पुढे केलेला तळवा हुंगला असता, आणि धार तोडायची वेळ झाली की खोकले असते."

"खोकली असतीस?"

"हं. एकदा, जोरात. तुला कळलं असतं. एवढा काही तू मठ्ठ नाहीस."

रोस्त्याने तिच्याकडे बघितलं. दोनशे घरांची पिंपं, सप्टेंबर ते नाताळ, पहाटेपासून अंधार पडेपर्यंत. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याने ते पुसलं नाही.

"आणि किती हंगाम खोकणार होतीस?"

"तुझं नाक परत येईपर्यंत."

"नाहीच आलं तर?"

"तर काय," व्लास्ता म्हणाली, "गावाला वाटलं असतं, बिचाऱ्या व्लास्ताला दमा झाला."